वसाहतकालीन कला व वास्तुकला : सातारा–सांगली परिसर

इ. स. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यापासून संस्थानांच्या विलीनीकरणापर्यंतच्या काळात यूरोपीय आराखडे, साधने व अभिरुची यांच्या संपर्कातून सातारा व सांगली या जिल्ह्यांत निर्माण झालेल्या वास्तू व कलाकृती. यूरोपीय वस्तूंचा प्रवेश मात्र त्यापूर्वीचा आहे. वाईजवळील मेणवली येथे कृष्णेच्या घाटावर टांगलेली पंचधातूची घंटा ही मूळची पोर्तुगीज चर्चमधील असून १७३९ च्या वसई मोहिमेनंतर ती मराठ्यांच्या हाती आली. तिच्यावर मेरी व बाल येशू यांची आकृती आहे. जिंकलेली वस्तू आपल्या देवळात आपल्या कामी लावावी, इतकाच तिच्याशी संबंध होता. तिच्या घडणीचे अनुकरण करण्याची गरज कोणाला भासली नाही. १८१८ नंतर हा संबंध बदलला.

वसाहतींची कला म्हटली, की अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींचे उदाहरण प्रथम डोळ्यांपुढे येते. तेथे वसाहतकऱ्यांनी इंग्लंडमधील नमुनापुस्तके समोर ठेवून जॉर्जियन शैलीतील घरे व चर्चे स्वतःसाठी उभारली आणि दगडाऐवजी पुष्कळदा लाकूड वापरले. बॉस्टनमधील व्यक्तिचित्रकार जॉन सिंगल्टन कॉप्ली (१७३८–१८१५) हाही प्रारंभी मुद्राचित्रांच्या आधारेच यूरोपीय चित्रकला शिकला. तेथे कर्ता व उपभोक्ता एकाच समाजातील होते. सातारा–सांगलीची स्थिती तशी नव्हती. तुलना करावयाचीच, तर ती स्पॅनिश अंमलाखालील न्यू मेक्सिकोशी अधिक जुळते. तेथे अकोमा येथील सतराव्या शतकातील चर्चची योजना मिशनऱ्यांची, तर कच्च्या विटांचे काम व श्रम स्थानिक प्वेब्लो जमातीचे होते. परंतु ही तुलनाही एका मर्यादेपर्यंतच टिकते. कारण साताऱ्यात बांधवून घेणारा आश्रयदाता हा गादीवर बसलेला, पण सत्ता गमावलेला एतद्देशीय राजा होता. या परिसरातील वास्तूंना ‘इंग्रजी नक्कल’ म्हणून निकालात काढणारे समीक्षक नेमके हेच लक्षात घेत नाहीत.

साताऱ्याचे दोन राजवाडे एकमेकांना लागून उभे आहेत व त्यांत हा प्रश्न मूर्त झाला आहे. जुना राजवाडा छत्रपती प्रतापसिंह यांनी १८२४ च्या सुमारास बांधविला. १८३९ मध्ये प्रतापसिंह पदच्युत झाले व त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आले. नवा राजवाडा १८४४ मध्ये पूर्ण झाला. त्याचा आराखडा वेण्णा व कृष्णा या नद्यांवरील पूल बांधणाऱ्या इंग्रज अभियंत्याचा होता. असे असूनही आत शिरताच जो भव्य दिवाणखाना लागतो, त्याचा भार सागवानी खांबांवर आहे, आणि प्रमाण, प्रकाश व बैठकीची रीत या तिन्ही बाबतींत तो वाड्याच्याच कुळातला आहे. इंग्रजी आराखड्याने येथे बाह्यांगाला शिस्त लावली. अंतरंग मराठी सुताराने आपल्याकडे राखले. नव्या राजवाड्याला कमअस्सल ठरविणारे मत म्हणूनच ग्राह्य वाटत नाही. खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. दरबारासाठी रचलेल्या या वास्तूला दरबार फार काळ लाभला नाही. १८४८ मध्ये आप्पासाहेबांचे निधन झाले, राज्य खालसा झाले आणि पुढे कित्येक वर्षे तेथे न्यायालय भरत होते. कचेरीसाठी घातलेल्या आडभिंती व कपाटे यांच्या आड दिवाणखान्याचे प्रमाण हरवते, हे पाहणाऱ्याला चटकन उमगत नाही आणि दोष मूळ रचनेच्या माथी मारला जातो.

महाबळेश्वर येथे परिस्थिती उलट आहे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ नंतर, हे थंड हवेचे ठिकाण इंग्रजांनी स्वतःसाठी वसविले. म्हणजे अमेरिकेतील वसाहतकऱ्यांप्रमाणे येथेही कर्ता व उपभोक्ता एकच. १८४२ मधील क्राइस्ट चर्च व १८६४ मधील फ्रिअर हॉल यांत इंग्लंडमधील गावाची आठवण जपण्याची धडपड दिसते. त्यांपेक्षा बंगले सरस आहेत. जांभा दगड, खोल व्हरांडे, उतरती छपरे आणि पावसाळ्यापूर्वी भिंतींना बाहेरून बांधल्या जाणाऱ्या गवताच्या ताट्या यांतून जी वास्तुरीती सिद्ध झाली, ती कोणत्याही नमुनापुस्तकातील नव्हे. येथील पावसाने ती शिकविली. अलीकडील नूतनीकरणात व्हरांडे बंदिस्त होतात, तेव्हा या रीतीचे मर्मच नाहीसे होते.

चित्रकलेच्या क्षेत्रात औंधचे स्थान स्वतंत्र आहे. संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये त्यांनी उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची चित्रे, मुंबई कलाशाळेच्या परंपरेतील तैलचित्रे, यूरोपीय चित्रांच्या प्रतिकृती आणि हेन्री मूर यांचे ‘माता व बालक’ हे पाषाणशिल्प एकत्र आहेत. प्रतिकृतींचे कलामूल्य बेताचेच आहे. परंतु ज्या प्रेक्षकाला यूरोप पाहावयास मिळणार नव्हता, त्याच्यासाठी त्या जमविल्या, हा हेतू ध्यानात घेतला पाहिजे. मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले श्री. दा. सातवळेकर हे चित्रकार म्हणून नाव मिळविल्यानंतर औंधला स्थायिक झाले आणि तेथे त्यांनी वेदाध्ययनालाच वाहून घेतले. तैलरंगाचे तंत्र परके, विषय पौराणिक आणि आश्रय राजाचा, अशा या चित्रकलेत पुष्कळदा भावदर्शन नाटकी होते. तिला केवळ पाश्चात्त्य तंत्राची बटीक म्हणणे मात्र अन्यायाचे आहे.

सांगलीत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिलेले काळ्या दगडाचे गणपती मंदिर इंग्रजी अमलाच्या ऐन काळातील असूनही त्या प्रभावापासून जवळजवळ अलिप्त आहे. याउलट पेशवे दरबारची व्यक्तिचित्रे रंगविणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (मृ. १७९५) याची चित्रे सांगलीच्या संग्रहालयात आहेत. मिरज येथे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयामुळे अमेरिकेशी या भागाचा प्रत्यक्ष संबंध आला. तो वास्तुशैलीपेक्षा वैद्यकापुरताच राहिला. कृष्णेवरील आयर्विन पूल (१९२९) हे या काळातील अखेरचे मोठे काम होय. त्याच्या दगडी कमानींवर अलंकरण नाही व त्याची उणीवही भासत नाही. २००५ व २०१९ च्या महापुरांत कृष्णेची पातळी याच पुलापाशी मोजली गेली.