गावगाड्यात न मावलेलं गाव

फोनवर ‘करडी’ शोधलं तर आधी करडीचं तेल दिसतं. मग नकाशा, पिनकोड आणि पोलीस ठाण्याच्या बातम्या. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं माझं गाव कसं जगलं, हे त्यातून कळत नाही. म्हणून पुस्तकाकडे वळलो. मराठी खेडं समजून घ्यायचं तर त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ वाच, असं सगळेच सांगतात.

१९१५चं हे पुस्तक आजही दमदार आहे. आत्रे महसूल खात्यातले, त्यामुळे गावाचं कौतुक करण्यापेक्षा हिशेब मांडण्याकडे त्यांचा कल. खळ्यावरची रास घरी जाईपर्यंत त्यात कोणाकोणाचा हात पडतो, कारू-नारू काय देतात, काय घेतात, हे ते बारकाईने दाखवतात. खेडं म्हणजे गोडवा, ही समजूत ते पार मोडून काढतात.

पण वाचताना मला माझं गाव सापडेना. आत्र्यांचं खेडं मुंबई इलाख्यातलं, रयतवारीतलं. तिथे वतनदार पाटील-कुलकर्णी आहेत, बलुतं आहे. त्याच काळात भंडारा मध्य प्रांतात होता आणि इथे गाव मालगुजाराचं असे. सारा त्याच्यामार्फत जाई. ही पद्धत १९५०च्या कायद्याने १९५१मध्ये संपली. आमच्याकडे धानाचं सगळं गणित बोडी आणि तलावाच्या पाण्यावर. मालगुजारीतले ते तलाव आज ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, ‘माजी मालगुजारी’.

यात आत्र्यांची चूक नाही. त्यांनी पाहिलेलं लिहिलं. चूक आपली. एका मुलखाचा हिशेब आपण अख्ख्या महाराष्ट्राच्या खेड्याचा मानला. शाळेत मीही बारा बलुतेदार पाठ केले आणि मालगुजार हा शब्द घरीच ऐकला.

मग आमची आठवण कुठे राहिली? मंडईत. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक. माहेरी आलेल्या लेकी भेटतात, सोयरिकी ठरतात, झाडीबोलीतल्या विनोदावर मांडव हसतो. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा आणि दंडारीचा अभ्यास केला नसता, तर आम्ही तिला ‘अशुद्ध मराठी’च म्हणत राहिलो असतो.

तरी मंडईवरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. ती हसणं जपते, हिशेब विसरते. तलाव कोणाच्या हातांनी खोदला, कोणाची जमीन बुडाली, पाणी शेवटी कोणाच्या बांधीत पोहोचायचं, हे तिथे कोणी विचारत नाही. आठवणींचा लेख लिहायला बसलो की आपणही तेच करतो : जिलेबी लिहितो, वेठ वगळतो.

इथे आत्रे पुन्हा लागतात. त्यांचं खेडं नको, त्यांची नजर हवी. कोण काय देत होतं आणि त्याला काय मिळत होतं, हा त्यांचा साधा प्रश्न आमच्या तलावाच्या पाळीवर बसून, आमच्या बोलीत विचारायला हवा.

आणि लवकर. १९५१मध्ये दहा वर्षांचं असलेलं पोर आज ऐंशी ओलांडून गेलंय. येत्या मंडईला गावी जाल तेव्हा नाटक सुरू व्हायच्या आधी त्याच्या शेजारी बसा. फोन खिशात असतोच; रेकॉर्डिंग चालू करा.