यंत्राचे नाव लिहिले, पुढे काय?

यंत्राने तयार केलेला मजकूर वर्गात वापरताना कोणती पथ्ये पाळावीत, हे शिक्षकांना शिकवायला हवे, यावर आता दुमत नाही. युनेस्कोने सप्टेंबर २०२४ मध्ये शिक्षकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा क्षमता-आराखडा प्रसिद्ध केला. त्यात पाच अंगांच्या १५ क्षमता तीन पायऱ्यांवर मांडल्या असून नीतिविचार हे त्यांतले एक स्वतंत्र अंग आहे. तंत्र आधी, नीती मागाहून, अशी वृत्ती त्यात नाही ही समाधानाची गोष्ट. मात्र साऱ्या जगासाठी केलेला आराखडा तत्त्वांवरच भर देणार. प्रशिक्षणवर्गात तीच तत्त्वे नुसती वाचून दाखवली, तर शिक्षकांच्या हाती काय पडेल? जुन्नर-आंबेगावातल्या एका विषयावर हे तपासून पाहू.

विषय बिबट्याचा. उसाच्या पट्ट्यातल्या शाळेत तो प्रकल्पासाठी निघणारच. समजा, विद्यार्थ्याने यंत्राला उपाय विचारला आणि उत्तर आले, 'बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडावेत.' भाषा शुद्ध, सूर ठाम. विद्यार्थ्याने तक्त्याखाली प्रामाणिकपणे लिहिले, 'कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने'. नियम पाळला गेला. पण विधान खरे आहे का?

याचे उत्तर याच परिसरात शोधले गेले आहे. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांचा जुन्नर भागातला अभ्यास २०११ मध्ये 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोठी मोहीम सुरू होण्यापूर्वी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहिमेनंतर ही सरासरी १७ वर गेली. म्हणजे यंत्राचे ते उत्तर माणसांच्या जिवावर बेतणारे आहे.

समजा, यंत्राने बरोबर उत्तर दिले, तरी प्रश्न उरतोच. संशोधकांची नावे, ठिकाण, वर्षे गळून नुसता निष्कर्ष हाती आला, तर तो पडताळायचा कसा? शिवाय ज्यांनी रानोमाळ फिरून माहिती गोळा केली, त्यांचे श्रेय यंत्राच्या नावे जमा होते.

श्रेयाबरोबर जबाबदारीही येते. 'नेचर'ने जानेवारी २०२३ मध्ये अशा यंत्रप्रणालींना लेखक मानण्यास नकार दिला, तो याच कारणाने: लेखक आपल्या लिखाणाला उत्तरदायी असतो, यंत्र तसे असू शकत नाही. शाळेच्या तक्त्यालाही हाच न्याय लागू आहे.

चित्रांबाबत तर अधिकच दक्षता हवी. यंत्राने बनवलेले बिबट्याचे चित्र शाळेतून मोबाइलवर गेले, की खालची ओळ मागे राहते आणि गावात घबराट पोचते. म्हणून ती नोंद चित्रावरच हवी.

तेव्हा प्रशिक्षणात व्याख्याने कमी करून शिक्षकांकडूनच एक काम करून घ्यावे, असे आम्ही सुचवतो. प्रत्येकाने आपल्या गावाविषयी यंत्राला प्रश्न विचारावा, उत्तर मूळ साधनांशी ताडून पाहावे आणि त्याखाली तीन ओळी लिहाव्यात: यंत्राकडून काय घेतले, ते कशाशी पडताळले, आणि याची जबाबदारी कोणाची. पाठटाचण व प्रश्नपत्रिका यांनाही हाच नियम असावा. गुरुजींना एक आणि मुलांना दुसरा, असे नको. यांतली दुसरी ओळ कोरी असेल, तर तो तक्ता भिंतीवर लावू नये.