शार्ङ्गदेवाचे ताल आणि मेसियां

देवगिरीस, म्हणजे आजच्या दौलताबादेस, यादवांच्या आश्रयानें राहून शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ रचिला. त्याच्या तालाध्यायांत १२० देशी तालांचीं लक्षणें आहेत. आमच्या वाचकांपैकीं कितीजणांनीं तो अध्याय उघडला असेल, हा प्रश्न आम्ही सभ्यपणानें टाळतों. एका फ्रेंच संगीतकारानें मात्र ती यादी एका संगीतकोशांत वाचली आणि जन्मभर उराशीं बाळगली.

ऑलिव्हिए मेसियां (१९०८–१९९२) हा श्रद्धाळू कॅथॉलिक, १९३१ पासून पॅरिसच्या त्रिनिते देवालयांतील ऑर्गनवादक आणि रानोमाळ हिंडून पक्ष्यांचें गाणें टिपून घेणारा. दुसऱ्या महायुद्धांत तो जर्मनांच्या हातीं सांपडला. ग्योर्लिट्सच्या युद्धकैद्यांच्या छावणींत त्यानें ‘कालान्ताचें चतुष्टय’ पुरें केलें आणि १५ जानेवारी १९४१ रोजीं तेथेंच तें व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो व पियानो यांवर वाजलें. पियानोवर तो स्वतः होता.

या कृतीच्या पहिल्या भागांत पियानोचें काम लक्ष देऊन ऐकावें. रागवर्धन, चंद्रकला व लक्ष्मीश हे तीन ताल जोडून १७ कालमूल्यांची एक माळ केली आहे. तिच्यावर २९ स्वरसंघातांची दुसरी. दोन्ही एकदमच निघतात व फिरत राहतात. परंतु त्या पुन्हां एकत्र येण्यास ४९३ स्वरसंघात व्हावे लागतात, आणि त्याच्या पुष्कळ आधींच हा भाग संपतो.

हा ताल म्हणावयाचा काय? ठेका नाहीं, टाळी-खाली नाहीं. लघुगुरूंचें नुसतें माप तेवढें उचललेलें. आम्हीही प्रथम याला परक्याची उचलेगिरीच म्हणत होतों. पण आमच्या नेहमींच्या मैफलींत रागवर्धन कोण वाजवितो? ज्याचा सांगाडाच आपण पोथींत ठेविला, त्याचा सांगाडाच त्याला मिळाला. शिवाय त्याचा उपयोग त्यानें शोभेसाठीं केलेला नाहीं. सुटकेचा दिवस ठाऊक नसलेल्या माणसांपुढें त्यानें असें आवर्तन मांडलें कीं ज्याची सम येतच नाहीं. समेवर मान डोलविण्यास बसलेल्या श्रोत्याची येथें निराशा होईल. ती व्हावी हाच कवीचा हेतु दिसतो. (संगीतकाराला आम्ही कवि म्हटलें, तें जाणूनबुजून.)

‘तुरंगलीला’ या प्रचंड सिंफनीविषयीं आमचें मत इतकें अनुकूल नाहीं. हेंही त्या यादींतील एका तालाचेंच नांव. १९४९ सालीं बोस्टनमध्यें ती प्रथम वाजली, तेव्हांपासून तिचे भक्त अनेक आहेत. पण दहा भागांच्या त्या पसाऱ्यांत माधुर्य इतकें वाढून ठेविलें आहे कीं आम्हांस अजीर्ण होतें.

नवख्या श्रोत्यानें आरंभ चतुष्टयाच्या पांचव्या भागापासून करावा. तेथें पियानो एकसारखे मंद आघात देतो आणि चेलो एकच ओळ अतिविलंबित लयींत ओढीत नेतो. ज्याचा कान विलंबित ख्यालावर तयार झाला आहे, त्यास तेथें कोणी वाट दाखविण्याची गरज नाहीं. पहिला भाग मागून ऐकावा.