‘ख्रिस्ती लोकांची दिवाळी’ : एका उपमेचा विचार

डिसेंबर उजाडला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून, शाळांच्या हस्तलिखितांतून आणि आपल्या स्वतःच्या नाताळ विशेषांकांतूनही एक वाक्य हमखास भेटते : ‘नाताळ म्हणजे ख्रिस्ती लोकांची दिवाळी.’ वाक्यामागचा हेतू निर्मळ आहे. शेजाऱ्याला आपला सण कळावा, त्याच्याविषयी परकेपणा वाटू नये, एवढीच त्यात इच्छा असते. परंतु हेतू चांगला असला म्हणून उपमा चांगली ठरत नाही. उपमेय आणि उपमान यांच्यात साम्य किती आणि कशाचे, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. आणि नित्याच्या वापराने गुळगुळीत झालेल्या उपमेच्या बाबतीत तर ते अधिकच अगत्याचे आहे.

साम्य आहे, यात शंका नाही. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या आणि चकल्या होतात, दाराशी कागदी तारा लुकलुकतो, लहानांना नवे कपडे मिळतात, फराळाची ताटे शेजारी जातात. हे सारे दिवाळीतही घडते. पण हे साम्य स्वयंपाकघराचे आणि अंगणाचे आहे. देवघराशी पोहोचताच ते संपते. आगमनकाळाचे चार आठवडे, त्यातील प्रतीक्षा आणि पश्चात्ताप, उतारशाळेत जागा न मिळालेले दांपत्य, गव्हाणीत निजविलेले बालक, आणि पाठोपाठ हेरोदाच्या भयाने मिसर देशाकडे करावे लागलेले पलायन, यांपैकी कशालाही ही उपमा स्पर्श करीत नाही. नाताळातील दारिद्र्य तिच्यातून गळून पडते आणि केवळ रोषणाई उरते.

दुसऱ्या बाजूलाही तितकाच अन्याय होतो. दिवाळी म्हणजे नेमके काय? वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत प्रत्येक दिवसाची कथा वेगळी, विधी वेगळा. जैनांसाठी ती भगवान महावीरांच्या निर्वाणाची तिथी आहे. शिखांसाठी गुरू हरगोबिंद यांच्या सुटकेची आठवण आहे. जो सण स्वतःच इतक्या अर्थांनी भरलेला आहे, त्याला ‘आनंदाचा दिवस’ एवढ्या एका अर्थावर आणून ठेवणे हा त्याचा गौरव नव्हे. सारांश, या उपमेने दोन्ही सण पातळ होतात. शिवाय बहुसंख्यांचा सण हे माप आणि इतरांचे सण हे त्या मापाने मोजावयाचे धान्य, अशी एक समजूत नकळत रुजते, ती निराळीच.

यावर कोणी म्हणेल, परक्या भाषेत आणि परक्या संस्कृतीत आपली श्रद्धा सांगायची तर उपमेवाचून गत्यंतर काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याच वाङ्मयाकडे वळावे लागते.

1579 साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापुढे हाच पेच होता. 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त त्यांनी ओवीचा छंद घेतला, पुराणाची कथनपद्धती घेतली, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच वापरला. पण तेथेच ते थांबले नाहीत. पवित्र आत्म्यासाठी ‘स्पिरितु सांतु’ यासारखे काही शब्द त्यांनी जसेच्या तसे ठेवले. एकाच ग्रंथात वैकुंठही आहे आणि स्पिरितु सांतुही आहे, ही गोष्ट अभ्यासकांनी केवळ भाषेचे वैचित्र्य म्हणून नोंदवावी एवढी किरकोळ नाही. जेथे अनुभव जुळतो तेथे शेजाऱ्याचा शब्द घ्यावा, आणि जेथे जुळत नाही तेथे आपला वेगळेपणा उघड राहू द्यावा, असा विवेक त्या शब्दयोजनेत दिसतो. ‘ख्रिस्ती लोकांची दिवाळी’ या वाक्यात नेमका हाच विवेक नाही.

तथापि ‘ख्रिस्तपुराणा’चे कौतुक करताना त्याच्या जन्माची कथा झाकता कामा नये. नवख्रिस्ती झालेल्या लोकांकडून त्यांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती. ती वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही, हा प्रश्न ग्रंथारंभी एका ब्राह्मणाच्या तोंडी येतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे पुराण अवतरते. म्हणजे आपल्या भाषेतील या थोर ग्रंथाच्या पायाशी कोणाचा तरी हिरावलेला ठेवा आहे. पुढे 14 एप्रिल 1736 रोजी गोव्यातील इन्क्विझिशनने काढलेल्या आज्ञापत्रात तर ख्रिस्ती घराच्या आवारात तुळस लावण्यास मनाई झाली, मीठ न घालता भात शिजवणे निषिद्ध ठरले, धोतर आणि चोळीसुद्धा संशयास्पद झाली. श्रद्धेच्या रक्षणासाठी म्हणून स्वयंपाकघरात आणि अंगणात शिरलेली ही सत्ता आपल्या इतिहासाचा भाग आहे. ‘इतरांनी आमच्या सणाचा मान राखावा’ असे म्हणण्यापूर्वी हे पान वाचलेले असावे.

नियतीचा खेळ असा की, तीच तुळस आज 25 डिसेंबरला पुन्हा पुढे आली आहे. 2014 पासून काही संस्था या दिवशी ‘तुळशी पूजन दिवस’ साजरा करतात. तुळशीची पूजा ही कोट्यवधी घरांतील नित्याची, सात्त्विक गोष्ट आहे, आणि कार्तिकात तुळशीविवाहाचा स्वतःचा मानाचा काळ आहेच. आपल्याला तुळशीशी वैर नाही. असण्याचे कारणही नाही. एक प्रश्न मात्र विचारावासा वाटतो : एखादा सण दुसऱ्या सणाला उत्तर म्हणून उभा केला, तर त्यातील भक्ती किती उरते? 1736 मध्ये तुळस उपटणाऱ्यांना हा प्रश्न लागू होता. आज ती नाताळाच्या समोर आणून ठेवणाऱ्यांनाही तो लागू आहे. सणाचा उपयोग ढाल म्हणून झाला काय किंवा भाला म्हणून झाला काय, सण जखमी होतोच.

आदराचा निराळा नमुना पाहायचा असेल तर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या घरात डोकावावे. आपल्या नागपूरकरांना हे घर परके नाही. टिळक काही काळ नागपुरात राहिले होते, आणि नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका पाश्चात्त्य सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचा झाला तो 1900 साली. मधल्या पाच वर्षांचा काळ, ताटातूट, पंढरपुरातील दिवस, पुढे एकत्र येऊनही सोवळ्याचे आणि पाण्याचे वेगळेपण, हे सारे ‘स्मृतिचित्रे’त आले आहे. मराठी आत्मचरित्रांत या ग्रंथाचे स्थान अढळ आहे. पण दोन धर्म एका छपराखाली कसे नांदतात याचा दस्तऐवज म्हणून तो पुरेसा वाचला गेलेला नाही, असे मला वाटते.

लक्ष्मीबाई त्या काळाकडे मागे वळून पाहताना ना पूर्वीच्या श्रद्धेची टवाळी करतात, ना नव्या श्रद्धेची जाहिरात. त्यांचा विनोद सर्वांत अधिक स्वतःवर चालतो. सोवळे सुटले ते कोणाच्या उपदेशाने नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या विचाराने. आणि ते सुटेपर्यंत त्यांना वेळ मिळाला, हे महत्त्वाचे. आदर म्हणजे दुसऱ्याला त्याचा वेळ देणे, ही व्याख्या कुठल्याही परिसंवादापेक्षा त्या पुस्तकात अधिक स्पष्ट आहे.

आता आपल्या शहराकडे येऊ. नागपुरात 25 डिसेंबर हा एकच दिवस नाही. सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये मध्यरात्रीची मिस्सा आटोपून आपली कुटुंबे घरी परततात, त्याच दिवशी शहरातील आपले बौद्ध बांधव ‘मनुस्मृती दहन दिन’ पाळतात. 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो ग्रंथ जाळण्यात आला. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. आणि परिषदेच्या मंडपाला जागा मिळेनाशी झाली तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली होती. 14 ऑक्टोबर 1956 रोजी धम्मदीक्षा ज्या नगरीत झाली, तिला या तारखेचा विसर पडणे शक्य नाही.

तारीख जुळली याला एक साधे कारणही आहे. नाताळाच्या सरकारी सुट्टीत परिषदा आणि अधिवेशने भरविण्याचा त्या काळी प्रघात होता. 1920 चे नागपूर काँग्रेसचे अधिवेशनही 26 डिसेंबरलाच सुरू झाले. म्हणजे आपल्या सणाने इतरांना अवकाश दिला, आणि त्या अवकाशात त्यांनी आपले अर्थ निर्माण केले. याचे वैषम्य वाटण्याचे कारण नाही. उलट, उतारशाळेत जागा न मिळालेल्याचा जन्मदिन आणि ज्यांना पाण्यापाशीही जागा नाकारली गेली त्यांच्या बंडाचा दिवस एकत्र यावा, यात आपल्यासाठी मनन करण्यासारखे बरेच आहे. मात्र ते मनन आपले. महाडचा दिवस ‘एक प्रकारचा नाताळच’ आहे असे आपण म्हणू लागलो, तर ज्या चुकीची येथवर चिकित्सा केली तीच आपल्या हातून घडेल.

कालगणनेकडे पाहिले तरी हाच बोध होतो. मकरसंक्रांत सूर्याच्या गतीने चालते, म्हणून बहुधा 14 जानेवारीला आणि अधूनमधून 15 ला येते. इस्लामी वर्ष चंद्राचे, सौर वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान. त्यामुळे 2000 साली रमजान ईद नाताळाच्या आठवड्यात आली आणि 2015 साली ईद-ए-मिलाद 24 डिसेंबरला. 2024 मध्ये यहुदी लोकांच्या हनुक्काची पहिली ज्योत 25 डिसेंबरच्या सायंकाळी उजळली. येथे एक हृद्य तपशील आहे : कोकणातील आपल्या बेने इस्रायल समाजात पूर्वी हनुक्का पाळला जात नसे, आणि तो सण सुरू होण्याआधीच आमचे पूर्वज येथे आले याचा पुरावा म्हणून ते ही गोष्ट सांगत. म्हणजे न पाळलेला सणही एखाद्या समाजाची ओळख असू शकतो! सारे सण एकाच चालीने चालावेत अशी योजना कोणत्याही पंचांगात नाही. ते जवळ येतात, क्षणभर शेजारी बसतात आणि पुन्हा आपापल्या वाटेने जातात.

आदर म्हणजे मौन नव्हे, हेही सांगितले पाहिजे. संक्रांतीचा तिळगूळ आपण आनंदाने घेतो; पण नायलॉनच्या मांजाने पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जातात तेव्हा बोलले पाहिजे. हळदीकुंकवाला बोलावताना विधवेचे दार टाळले जाते, तेव्हा बोलले पाहिजे. आणि आपल्या नाताळात रोषणाईच्या खर्चाने गव्हाण झाकली जाते, तेव्हा तर सर्वांत आधी आपणच बोलले पाहिजे. दुसऱ्याच्या सणावर टीका करण्याचा अधिकार आपल्या सणाच्या परीक्षणातून मिळतो.

28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीचा जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यात इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असा आशय आहे. त्या आशयाचा बारकावा ध्यानात घ्यावा. ‘सर्व काही एकच आहे’ असे तेथे म्हटलेले नाही. दुसऱ्याचे सत्य ओळखायचे तर आधी ते दुसऱ्याचे आहे हे मान्य करावे लागते.

म्हणून आपल्या लेखकांना आणि विशेषतः आपल्या मुलांच्या निबंधांची वही तपासणाऱ्या पालकांना एक विनंती. यंदाच्या नाताळ अंकात ‘ख्रिस्ती लोकांची दिवाळी’ हे वाक्य नको. ‘नाताळ’ हा शब्दच पुरे आहे. ‘जन्म’ या अर्थाच्या मूळ लॅटिन शब्दावरून पोर्तुगीज भाषेतून तो आपल्याकडे आला आणि शतकानुशतकांच्या वापराने अस्सल मराठी झाला. शेजाऱ्याने विचारले तर त्याला गव्हाणीची गोष्ट सांगावी, त्याच्याकडून वसुबारसेची, महाडची, रोज्यांची गोष्ट ऐकावी. गोष्ट सांगायला उपमेपेक्षा अधिक वेळ लागतो, हे खरे. पण शेजाऱ्यासाठी तेवढा वेळ काढणे हेही आगमनकाळाच्या तयारीतच मोडते.