शिकाऱ्याचे धनुष्य आणि दुसरा बाण

बौद्ध साहित्यातील मांसाहाराची चर्चा आपल्याकडे बहुधा ताटापाशी सुरू होते आणि ताटापाशीच संपते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात एकेकाळी पालीचे अध्यापन केलेल्या धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) या ग्रंथात मांसाहारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांची निर्भयता वादातीत आहे. परंतु त्यांच्या विवेचनाचा भर श्रमणांनी काय खाल्ले यावर आहे. ज्याने मारले त्याचे काय, हा प्रश्न मागेच राहतो.

अलीकडे एक युक्तिवाद ऐकू येतो. बाजारातून मांस आणणाऱ्यापेक्षा स्वतः शिकार करून खाणारा अधिक प्रामाणिक. तो मृत्यूची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलत नाही, आणि रानातील कष्टांनी त्याचे मन ताण सोसण्यास कणखर होते. हा युक्तिवाद पाली वाङ्मयाच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे आम्ही येथे पाहू इच्छितो.

मज्झिमनिकायातील जीवकसुत्तात दिट्ठ, सुत व परिसंकित अशा तीन कोटी सांगितल्या आहेत. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले वा तशी शंका असलेले मांस भिक्खूला वर्ज्य आहे. ही शुद्धी भिक्षा घेणाऱ्याची आहे. ती मारण्याची अनुज्ञा नव्हे. अंगुत्तरनिकायातील वणिज्जासुत्त तर उपासकाला प्राण्यांचा व मांसाचा व्यापार निषिद्ध ठरवते. शिकारी मृत्यू डोळ्यांनी पाहतो हे खरे. पण पाहिल्याने वधाची चेतना शुद्ध होत नाही. प्रामाणिकपणा हा सद्गुण आहे, प्राणातिपाताचा परिहार नव्हे.

धम्मपद अट्ठकथेतील कुक्कुटमित्ताची कथा याहून बिकट आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीची स्रोतापन्न कन्या एका पारध्याशी संसार करते आणि त्याच्या हाती धनुष्य देते. तथागतांवर रोखलेला त्याचा बाण सुटत नाही. पुढे तो, सात पुत्र व सात सुना स्रोतापन्न होतात. ती धनुष्य देत असे तेव्हा तिला पाप लागले काय, असे भिक्खू विचारतात. उत्तर असे की, तिने पतीचे ऐकले. तिची वधाची चेतना नव्हती. ज्या हाताला जखम नाही त्याला विष बाधत नाही.

चेतनेचा हा सिद्धान्त आम्हांस मान्य आहे. मात्र अट्ठकथाकाराची सोयही नजरेआड करता येत नाही. पतीची आज्ञा हे उत्तर त्याला पुरेसे वाटते. ती नाकारण्याची मुभा तिला होती काय, हे तो विचारत नाही. जाळे टाकून दिल्यावर त्या घराची चूल कशी पेटली, याबद्दलही कथा मौन बाळगते.

हे मौन महाराष्ट्रात महाग पडले आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून सुरू झालेल्या धोरणाने पारधी समाजावर जन्माने शिक्का मारला. १९५२ साली कायदा गेला, शिक्का राहिला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. रानाचे रक्षण आवश्यकच होते. परंतु संस्थानिकांचा त्यामुळे छंद गेला, पारध्याचे अन्न गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत केलेला भेद येथे मार्गदर्शक ठरतो. हौशी शिकाऱ्याची ती इच्छा. तिला प्रामाणिकपणाचे वस्त्र नेसवून भागणार नाही. उपाशी पारध्याच्या गरजेचे उत्तर मात्र केवळ शीलाचा उपदेश नव्हे. ते सम्यक आजीविकेची वाट मोकळी करणे हे आहे.

राहिला प्रश्न कणखरतेचा. संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात अशिक्षित मनुष्याला दोन बाण लागतात: एक देहाच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवर मनाने केलेल्या आक्रोशाचा. श्रुतवान श्रावकाला पहिलाच लागतो. ही सहनशक्ती सावज टिपून येत नाही. ती वेदनेकडे स्मृतिपूर्वक पाहण्याने येते. पण याच सुत्ताचा दुरुपयोगही होतो. पीडितांना ‘दुसरा बाण टाळा’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पहिला बाण कोणाच्या धनुष्यातून सुटला, हे विचारणारे थोडे. सुत्त वेदना सोसण्याची रीत शिकवते, अन्यायाला अभय देत नाही. मनाचे प्रशिक्षण आणि धनुष्य खाली ठेवायला लावणे, ही दोन्ही कर्तव्ये धम्माने आपल्यावर सोपवली आहेत. त्यांतील एकच उचलणारा उपासक अर्ध्या वाटेवरच थांबलेला आहे.