आवाज कुणी भरला?

"मामा, काय क्लिअर दिसतंय बघ ना!" भाचा टीव्हीसमोर जमिनीवर बसला होता. न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या आमच्या घरात रविवार दुपारी तारावाची लढाई चालू होती. साल 1943, महिना नोव्हेंबर, तारावातल्या बेटिओ बेटाचा किनारा. पण पाणी असं गुळगुळीत हलत होतं, जणू कालच कुणीतरी फोनवर टिपलंय. कानाशेजारून गोळ्या सूं सूं करत जात होत्या, बुटांखाली वाळू करकरत होती. त्या करकरीने माझं डोकं फिरलं.

बेटिओवर उतरलेल्या मरीन कॅमेरामन नॉर्मन हॅचच्या हातात आयमो कॅमेरा होता. चावीवर चालणारा, शंभर फुटांचं रीळ घेणारा. चोवीस फ्रेमच्या हिशेबाने शंभर फूट म्हणजे एक मिनिट सात सेकंद. ते संपलं की गोळीबारात बसून दुसरं रीळ चढवायचं. अमेरिकन मरीन आणि जपानी सैनिक एकाच चौकटीत सापडणं पॅसिफिकच्या चित्रणात अतिशय दुर्मीळ. हॅचला ते सापडलं. पण त्याच्या कॅमेऱ्याला कान नव्हता. मग ही वाळू कुणी करकरवली? कुठल्या तरी स्टुडिओत, एअर कंडिशनर लावून, ऐंशी वर्षांनी.

आवाज भरण्याची खोड जुनी आहे, हे मला ठाऊक आहे. 'व्हिक्टरी अ‍ॅट सी'चे सव्वीस भाग रिचर्ड रॉजर्सच्या वाद्यवृंदाने असे भिजवलेत की युद्ध कमी आणि ब्रॉडवे जास्त. केन बर्न्सची 'द वॉर' सभ्य आहे, पण बंदुका तिथेही नंतरच वाजवल्यात. फ्रेंच 'अपोकॅलिप्स' आणि तिच्या रंगीत चुलत बहिणींबद्दल बोलण्यासारखं काही नाही. 'द वर्ल्ड अ‍ॅट वॉर'ला मात्र मी हात लावणार नाही. माझ्या पिढीवर तिचं ऋण आहे.

मला बोलायचंय ते हॉलिवूडच्या जॉन फोर्डच्या एका झटक्याबद्दल. जून 1942, मिडवे. फोर्ड 16 मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन वीजघराच्या छतावर. जवळ बॉम्ब पडतो, कॅमेऱ्यातली फिल्म जागची सरकते, चौकटीची रेघ पडद्यावर उडी मारते. छर्रा लागून फोर्ड स्वतः जखमी झाला. अठरा मिनिटांच्या 'द बॅटल ऑफ मिडवे'त त्याने ती उडी तशीच ठेवली. बाकी साखर त्याने भरपूर ओतली आहे. जेन डार्वेलचा आईपणाचा सूर, हेन्री फोंडा, वर भक्तिभावाचं संगीत. ती साखर मी दरवेळी गिळतो, त्या एका उडीसाठी. तिथे कॅमेरा बघत नाही, मार खातो. आता 'रिस्टोअर' करणारं सॉफ्टवेअर पहिल्यांदा काय करतं? चौकट स्थिर करतं. म्हणजे नेमका पुरावाच पुसून टाकतं!

आणि मिडवेचं चित्रण मुळातच कोडाक्रोममध्ये आहे. इवो जिमावर झेंडा रोवताना बिल जेनॉस्टने घेतलेला तुकडाही रंगीतच. त्यानंतर नऊ दिवसांनी तो तिथल्याच एका गुहेत मारला गेला, देह सापडला नाही. अस्सल रंगांची रिळं सरकारी संग्रहात असताना काळ्या-पांढऱ्या रिळांना रंग फासत बसण्याची हौस कुणाला आणि का? उत्तर सोपं आहे. अमेरिकन सरकारने घेतलेल्या चित्रणावर कॉपीराइट नाही. माल फुकट, मग मेकअपवर खर्च करायचा.

याच्या नेमक्या उलट्या वाटेने गेला एरिक बार्नो. एस. कृष्णस्वामींच्या जोडीने 'इंडियन फिल्म' लिहिणारा, आपल्या अभ्यासकांच्या कपाटात असतो तोच. हिरोशिमा-नागासाकीत जपानी कॅमेरामननी घेतलेली रिळं अमेरिकन लष्कराने जप्त करून वर्षानुवर्षं दाबून ठेवली होती. दोन तासांहून जास्त ऐवज हाती आल्यावर बार्नोने 1970 साली त्यातून फक्त सोळा मिनिटं ठेवली. जिन्याच्या पायऱ्या, भिंतीवर उमटलेल्या सावल्या, भाजलेली पाठ. निवेदन हलक्या आवाजात, जेवढ्यास तेवढं. रडवण्याचा प्रयत्न कुठेही नाही, म्हणूनच बघवत नाही. या विषयावर त्यानंतर झालेलं कितीतरी काम मला त्या सोळा मिनिटांची तळटीप वाटतं.

भाच्याचं म्हणणं, त्याच्या वयाची मुलं काळं-पांढरं बघतच नाहीत. नका बघू! 'मुघल-ए-आझम' रंगवला तेव्हा मीही तिकीट काढून गेलो होतो. अनारकलीच्या ओढणीला कुठला रंग द्यायचा हा हौसेचा मामला. तारावाच्या उथळ पाण्यात तरंगणारे देह हा हौसेचा मामला नाही. ते लोकांना दाखवायचे की नाही, हा प्रश्न तेव्हा थेट रूझवेल्टपर्यंत गेला होता. आणि आता चोवीस फ्रेमचे साठ करायचे म्हणजे सेकंदाला किमान छत्तीस चित्रं अशी, जी कुठल्याही भिंगातून कधी आलीच नाहीत. मेलेल्या पोराचा हात लाटेवर कसा हलला हे यंत्राने अंदाजाने ठरवायचं, आणि त्याला आपण 'क्लिअर' म्हणायचं?

खोटं पचतं, टिकतं, हेही इतिहासाला माहीत आहे. ग्रेग टोलंडने 'डिसेंबर सेव्हंथ'साठी पर्ल हार्बरवरचा हल्ला स्टुडिओत, खेळण्यातल्या जहाजांवर, नंतर उभा केला. ते तुकडे अजूनही कितीतरी माहितीपटांत खरे म्हणून फिरतात. टोलंडला निदान उसनी आग लावावी लागली होती. आता तेवढेही कष्ट नाहीत.

कुणी म्हणेल, अमेरिकेत राहून अमेरिकन फिल्मसाठी तुम्ही कशाला कंठशोष करता? कारण हे सगळं माझ्या शेजारी घडलंय. लष्करासाठी चित्रण करणाऱ्या सिग्नल कोअरचं तेव्हाचं ठाणं फोर्ट मॉनमथ इथून पार्कवेने खाली. त्यांचा स्टुडिओ होता अ‍ॅस्टोरियात, जिथे आता चलच्चित्रांचं संग्रहालय आहे. युद्धात बांधलेल्या लेडो रस्त्यावर राबलेले आपले भारतीय मजूर याच लष्करी कॅमेऱ्यांसमोरून गेले. त्यांची नावं बहुधा कुठल्याच कागदावर नाहीत. चेहरा तेवढा उरलाय, आणि तोही आता यंत्र घासून गुळगुळीत करणार.

माझी मागणी फार मोठी नाही. ओक ट्री रोडवर चकलीचं पाकीट घेतलं तरी मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पीठ किती, तेल कुठलं, रंग कुठला. या मालिकांच्या सुरुवातीलाही तसंच छापा: फ्रेम इतक्या खऱ्या, इतक्या बनावट, रंग नंतरचा, आवाज सगळा स्टुडिओतला. आणि रिमोटवरचं म्यूटचं बटण कुठे आहे, तेही.