हातोडा नसलेला न्यायाधीश

दिवाळीच्या अंकात कोर्टकचेरी काढली म्हणून वाचकांनी चकलीचा तुकडा हातातच धरून कपाळाला आठ्या घालू नयेत. मी वकील नव्हे. जळकोटला मुले शिकवणारा, कॉलेजची पायरी न चढलेला आणि सवड मिळेल तशा कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे. परंतु माझ्याच एका कादंबरीत मी एक न्यायाधीश रंगवला होता. मोटार अपघाताच्या दाव्यात तो मेजावर हातोडा आपटतो आणि जखमी नायकाला भरघोस भरपाई जाहीर करतो. पुढे प्रत्यक्ष न्यायालयात बसण्याचा प्रसंग आला तेव्हा कळले की, आपल्याकडील न्यायाधीशापुढे हातोडा नसतोच! तो मी सिनेमातून उचलला होता. हातोड्याचे एक वेळ सोडून देऊ. त्या माणसाचे कामच मला उमगले नव्हते, हे अधिक लाजिरवाणे.

ही चूक एकट्या माझी नाही. आमच्या साहित्याला न्यायालय आवडते ते नाट्यासाठी. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये (१९६२) सारे डोळे लखोबा लोखंडेवर खिळलेले, न्यायासनावरचा माणूस कोणाला आठवतो? तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) न्यायाधीश आहे, पण लुटुपुटीचा, आणि हे काशीकर तर आसन सोडून स्वतःच साक्ष द्यायला उभे राहतात. न्यायाधीशाने काय करू नये, हे इतके नेमके दुसऱ्या कोणी दाखवलेले मला ठाऊक नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ चित्रपटात (२०१४) तारखांचे, जांभयांचे खरे न्यायालय दिसले. पण तोही फौजदारी खटला. ज्यात खून नाही, खलनायक नाही, नुसता एक मोडलेला पाय आहे, त्या दाव्याच्या वाटेला आम्ही लेखक फारसे गेलो नाही.

वास्तविक कादंबरीकाराला सर्वांत जवळचा न्यायाधीश तोच. अमेरिकेत जखमेची किंमत पुष्कळदा पंच ठरवतात. न्यायाधीश त्यांना कायदा समजावून देतो. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली न्यायाधिकरणावरचा न्यायाधीशच सारे ठरवतो. चूक कोणाची, कमाई किती, शरीर किती निकामी झाले, रक्कम किती? कायदा त्याच्या हाती एक विशेषण देतो: भरपाई ‘न्याय्य’ असावी.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल मी वाङ्‌मय म्हणून वाचले आहेत. पहिला १९९५ चा. मुंबईच्या एका वकिलाला मोटार अपघातात कमरेखाली कायमचे अपंगत्व आले होते. त्या निकालात न्यायालय मोकळेपणाने कबूल करते की, अशी रक्कम ठरवताना काही अंदाज, काही कल्पना आणि काही सहानुभूती येणारच. मात्र त्यांना वस्तुनिष्ठ कसोटी लावली पाहिजे. मला तर ही कादंबरीलेखनाचीच व्याख्या वाटली. फरक इतकाच की, माझा अंदाज चुकला तर टीकाकार रागावतो. त्यांचा चुकला तर एका घरातली चूल विझते.

दुसरा निकाल ऑक्टोबर २०१० चा, न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांनी लिहिलेला. हा मला अधिक मोठा वाटतो, कारण त्यात माणसे दिसतात. डावा हात तुटला तर डॉक्टर अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास सांगतील. पण तो हात ड्रायव्हरचा वा सुताराचा असेल तर कमाई जवळजवळ सगळीच बुडाली, आणि सरकारी कारकुनाचा असेल तर कदाचित नोकरी टिकेलही. तेव्हा दाखल्यावरचा आकडा म्हणजे बुडालेली कमाई नव्हे. न्यायाधीशाने मुका प्रेक्षक न राहता विचारले पाहिजे, शोधले पाहिजे, असे हा निकाल बजावतो. काशीकर साक्ष देतात, हा न्यायाधीश साक्ष काढून घेतो.

आणि तरीही या निकालाची मर्यादा मला आमच्या भागातच दिसली. दिवाळी सरता सरता इथली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती एका माणसाला नव्हे, ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पस्तिशीतल्या अशाच एका तोडकऱ्याचा पाय अपघातात गुडघ्याखाली गेला. तो माझ्या एका विद्यार्थिनीचा बाप. निकालाची प्रत घेऊन तो माझ्याकडे वाचून घ्यायला आला.

भाषा निर्दोष होती. वर्षाची कमाई, तिचे दाखल्याप्रमाणे चाळीस टक्के, वयाच्या कोष्टकाप्रमाणे गुणिले सोळा. हे कोष्टक २००९ च्या एका निकालाने घालून दिलेले. त्याने मनमानी कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. पण एका पायावर वाकून ऊस तोडता येतो का, मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढता येते का, हे त्या पानांत कोणी विचारलेले नव्हते. चाळीस टक्के कोयता कोणता मुकादम नेईल? शंभर टक्केच धरायला हवे होते, असे माझे मत आहे, आणि अपील करण्यासाठी वकील गाठ, असे मी त्याला सांगितलेही.

त्याने मान हलवली. मग प्रत उलटीसुलटी करून म्हणाला, “गुर्जी, ह्या साली हिलाबी कुणी उचल दिली न्हाई. हिचं नाव कुठं हाय ह्याच्यात?”

मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागलो.